उंबऱ्यातलं पाणी

"पमे, माज्या गाडयेक भोक पाडलंस तर तुज्या बापाशीक परत एका गाडयेक हात लावूक देवचंय नाय! चार जीपी आसत माज्या, चारय तालुक्याक जातली!"

नाना तळवडेकर जीपच्या दाराला पाठ लावून आडवे उभे होते. पांढरं धोतर, कडक सदरा, आणि पाठीमागे नुकत्याच रंगवलेल्या जीपचा हिरवा रंग. रंग ओला असता तर सदऱ्याची वाट लागली असती, आणि खरं सांगते, लागावी असं मला वाटतही होतं. ड्रिल माझ्या हातात होतं.

"नाना, बाजूक व्हा," मी म्हटलं.

"बगा हो मेस्त्री, तुमच्या चेडवाची जीभ!"

बाबा लाकडी ठोकळ्यावर बसून विडी ओढत होते. 

नारळी पौर्णिमेला दोन दिवस होते. पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की मासेमारी सुरू, आणि मासेमारी सुरू झाली की नानांच्या जीपही सुरू. पहाटे बंदरावर ओल्या वाळूत उतरायचं, टोपल्या आणि बायका भरायच्या आणि घाटी चढून तालुक्याचा बाजार गाठायचा. आमचं ग्यारेज त्या घाटीच्या माथ्यावर. म्हणजे खाऱ्या पाण्यात बुडून आलेली प्रत्येक गाडी आमच्या दारावरूनच जायची. बाबा गमतीनं म्हणायचे, दर्यो लोकांक मासे देता, माका कुजके पत्रे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गेली सहा वर्षं बाबांच्या हाताखाली पत्राकाम करत होते आणि गावाला त्याची सवय अजून झालेली नव्हती. "वासू मेस्त्र्याचा चेडू हातोडो मारता" ही गोष्ट लोक पाहुण्यांना देऊळ दाखवल्यासारखी दाखवायचे.

जीपच्या दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याचा जो लांब पट्टा जातो, त्याला बाबा उंबरो म्हणत. बाहेरून तो नुसता पट्टा दिसतो, पण आतून ती पोकळ पेटी असते. दाराचे खांब तिच्यावरच उभे असतात. घराचा उंबरा कुजला की चौकट हलते, तसंच गाडीचं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्या त्या उंबऱ्यापायीच यायच्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. बाहेर रंग चकचकीत आणि आत पत्र्याचे पोहे झालेले.

नानांची ही जीप चैत्रात आमच्याकडे ओढून आणली होती, तेव्हा तिच्या डाव्या उंबऱ्यात माझा हात कोपरापर्यंत गेला होता. ओढून आणावी लागली ती मंजुळामुळे.

मंजुळा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मासळी विकायची. जीपमध्ये तिची जागा ठरलेली, मागल्या दाराशी, पाय उंबऱ्यावर, टोपली मांडीवर. त्या दिवशी घाटीच्या दुसऱ्या वळणावर तिच्या पायाखालचा उंबरा बसला, दाराचा खांब कलला, दार उघडलं आणि मंजुळा टोपलीसकट रस्त्यावर. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण वाकडंच जुळलं. तीन महिने तिला टोपली उचलता आली नाही.

आणि नाना बंदरावर उभे राहून काय म्हणाले? "गाडयेचो काय दोष? मंजुळाचा वजन बगा. हत्तीण बसली तर उंबरो मोडतलोच!"

सगळं बंदर हसलं. तिच्या अंगाबरोबर तिची इज्जतही त्या रस्त्यावर सांडली, आणि तीन महिने जो तो तिच्याकडे बघून "वजन, वजन" करत होता. मंजुळा हजरजबाबी बाई, कुणाला ऐकून घेणारी नव्हे. पण त्या एका शब्दाला ती गप्प बसायला लागली. मला तिच्या वाकड्या मनगटापेक्षा त्या गप्प बसण्याचा जास्त राग आला होता.

मी तो कुजलेला उंबरा कापला तेव्हा आतून चिखल निघाला, खवले निघाले, मिठाचे खडे निघाले. आणि पाणी निघालं. चैत्रात! चार महिने पावसाचा थेंब नव्हता, आणि उंबऱ्यात काळ्या चहासारखं पाणी साठलेलं. पेटीच्या तळाला कारखान्यातूनच पाडलेली तीन बारीक भोकं होती, करंगळीचं टोक जाईल एवढी. तिन्ही बुजलेली. कशानं बुजलेली ते मी बघितलं, बोटानं उकरून काढलं, आणि जे निघालं ते पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून फळीवर मागे सारून ठेवलं. त्याबद्दल कुणाशी बोलले नाही.

बाबांशी फक्त एवढं बोलले, "बाबा, नव्या उंबऱ्याक खाली भोकां ठेवया. पाणी जावक."

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भोक? माका भोक शिकयतंस?"

बाबा मुळात होड्या बांधणारे. आजोबाही तेच. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्या आमच्या घरच्या. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वरून राळ, वरून तेल, की दर्याची छाती नाही आत शिरायची. पुढे लाकूड महागलं, यांत्रिक बोटी आल्या आणि बाबांनी पटाशी ठेवून हातोडा धरला. पण मन होडीतच राहिलं. "भोक म्हणजे मराण" हे वाक्य मी आईच्या अंगाईआधी ऐकलं असेन. नवा उंबरा त्यांनी स्वतः घडवला. जोड असा, की नख फिरवलं तरी कळू नये. भोक एकही नाही. खालून डांबराचे दोन हात. मी तोंड मिटून रंग मारला.

पावसाळ्यात दर्या बंद, त्यामुळे काम रेंगाळत श्रावणात संपलं; बाहेर पावसाची झड लागली होती. रंगवलेली जीप आठ दिवस अंगणात उभी होती. आणि त्या दुपारी नाना गाडी न्यायला आले, त्यांचा ड्रायव्हर गुणाजी धपकन सीटवर बसला, जीप हलली, आणि मला ऐकू आलं.

डुबुक.

"गुणाजी, परत उठून बस," मी म्हटलं.

"कित्याक?"

"बस मरे!"

तो उठला, बसला. डुबुक. उंबऱ्यात पाणी हिंदकळत होतं. आठ दिवसांत! मी आत गेले आणि ड्रिल घेऊन आले. पुढचं तुम्हाला सांगितलंच. नाना दाराला पाठ लावून उभे राहिले.

"अगो बाय," नाना आता समजुतीच्या सुरात आले, "पाणी भोकातसूनच आत येता मां? शेंबड्या पोराक पण कळता. आणि तू आणखी भोकां पाडतंस?"

"पाणी खालसून येणा नाय, नाना. वरसून येता. दाराच्या रबरातसून येता, पाय ठेवच्या पट्टीच्या इस्क्रूंतसून येता. ता येतलाच, कोणाच्या बापाशीक चुकाचा नाय. तेका भायर जावक वाट होयी."

"पौर्णिमेक गाडयेची पूजा आसा. उंबऱ्याक भोक पाडून पूजा करू? लक्ष्मी गळान जायत!"

"लक्ष्मी नाय गळाची. माणसां गळतत. चैत्रात एक गळला."

हे मी बोलले आणि माझ्या लक्षात आलं की मंजुळा फाटकाशी उभी आहे. सुक्या बांगड्यांची टोपली डाव्या कमरेवर, वाकडा उजवा हात वर टेकवलेला. बाजारातून चालत येत होती. चैत्रापासून ती जीपमध्ये बसलीच नव्हती. पौर्णिमेनंतर तिला बसावंच लागणार होतं, कारण ओली मासळी डोक्यावर घेऊन आठ मैल चालली तर बाजारात पोचेपर्यंत मासळीला वास येतो. दुसरी गाडी नव्हती. चारही जीप नानांच्याच.

नानांनीही तिला बघितलं. "हां, इली. इचारा हिका, वजन किती ता."

मंजुळानं मान खाली घातली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी ड्रिल घेऊन पुढे झाले.

"पमे." बाबांचा आवाज आला. "ड्रिल ठेय."

नानांचं मी ऐकलं नसतंच. पण सहा वर्षांत बाबांचा शब्द मी एकदाही मोडला नव्हता. हातोडा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. गाव हसत असताना "माजा चेडूच माजो झील", माझी पोरच माझा मुलगा, असं म्हणणारे तेच.  मी ड्रिल ठेवलं नाही.

"बाबा, एक इचारतंय. तेवढा सांगा, मगे ठेवतंय."

त्यांनी विडी तोंडातून काढली.

"होडी वाळूवर ओढून घेतल्यार पयला काय करतात?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ह्या गोष्टीला उत्तर देण्याचीसुद्धा गरज नसते. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोराला ते माहीत असतं.

"सांगा."

"बूच काडतंव," बाबा म्हणाले.

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? आतला पाणी..." आणि ते थांबले.

प्रत्येक होडीच्या तळाला एक भोक असतं, आणि ते होडी बांधणाराच पाडतो. पाण्यात जाताना त्यात लाकडी बूच ठोकायचं, किनाऱ्याला आलं की उपटायचं. लाटेनं, जाळ्यानं, पावसानं आत आलेलं पाणी वाळूवर वाहून जातं. बूच काढायला विसरला तर होडी आतून सडते. माझ्या आजोबांनी पाडलेली ती भोकं बाबा आयुष्यभर पाडत आले होते. गाडीपुरतं मात्र फक्त "भोक म्हणजे मराण" लक्षात ठेवलं आणि बूच विसरले.

"होडी आणि जीप एक काय गो?" नाना ओरडले. त्यांना बाबांचा चेहरा बघून अंदाज आला असावा. ते दोन ढांगांत भिंतीपाशी गेले आणि ड्रिलची वायर त्यांनी बोर्डातून उपसून काढली, आणि पिन हातात धरून उभे राहिले. "पाड आता! बगतंय कशी पाडतंस ती!"

गुणाजी हसला. बाबा उठले, विडी चपलेखाली चिरडली आणि आत निघून गेले.

मला वाटलं, संपलं. बापाला चारचौघांत प्रश्न विचारून खाली बघायला लावलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि काम ते काम राहिलंच. डोळ्यांत पाणी आलं, पण नानांसमोर पुसायचं नाही म्हणून तसंच राहू दिलं. मंजुळानं टोपली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. 

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात हातानं फिरवायचं जुनं ड्रिल होतं, दातेरी चाकाचं. होड्यांना लोखंडी पट्ट्या मारायच्या काळातलं. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

"धर," ते म्हणाले. "सरळ धर. वाकडा झाला तर बीट मोडतला."

"वासू!" नाना म्हणाले.

"नाना, वीज तुमी काडलात, बरा केलात. हाताचा भोक बरा पडता."

मी जीपखाली सरपटले. डांबर खरवडून पेटीचा सगळ्यात खालचा भाग शोधला, बीट टेकवलं आणि चाक फिरवायला लागले. पत्रा बाबांनी चांगला जाड घातला होता. मनगट भरून आलं. मग एकदम बीट आत गेलं आणि मी ते बाहेर ओढायच्या आत पाण्याची धार माझ्या तोंडावर, केसांवर, पोलक्यावर. तांबूस पाणी. आठ दिवसांतच तांबूस झालेलं.

मी बाहेर आले ती भिजून. मंजुळानं पायानं घमेलं जीपखाली सरकवलं. धार घमेल्यात वाजायला लागली आणि वाजतच राहिली.  घमेलं भरून सांडायला लागलं तेव्हा गुणाजी सीटवरून खाली उतरला.

"पावसाचा पाणी ता," नाना म्हणाले. आवाज उतरला होता. "आठ दिवस पडता."

"होय," मी म्हटलं. "आठ दिवसांचा. आणि सबंद हंगाम दर्याचा किती जमतला?"

मग मंजुळा बोलली. चैत्रानंतर पहिल्यांदा नानांशी बोलली.

"आणि माजा वजन, नाना?"

नाना धोतराचा सोगा सारखा करायला लागले. कोपऱ्यात सापडलेला माणूस धोतरच सारखं करतो. बाबा दोन पावलं पुढे आले आणि मंजुळाच्या समोर उभे राहिले. त्यांनी खिशातून काहीतरी काढून तळहातावर धरलं. माझ्या पावडरच्या डब्यातले तीन बोळे होते. राळेत बुडवलेल्या, नीट वळून ठासलेल्या कापसाचे. असे बोळे अख्ख्या किनाऱ्यावर एकच हात वळायचा.

"मंजुळा, उंबरो तुज्या वजनान नाय मोडलो," बाबा म्हणाले. "माज्या कापसान मोडलो. गाडी नवी इली तेवाच तिची भोकां मी बुजवलेली."

 डबा मी लपवला होता तो त्यांच्यापासूनच.

"चैत्रातच गावले माका," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण मानूक होईना."

नानांना एकदम कंठ फुटला. "म्हणजे चूक वाशाची! आयकलास मां सगळ्यांनी? माजो काय संबंद? चल रे गुणाजी, काड गाडी."

"गाडी जावची नाय," मी म्हटलं.

चावी माझ्या मुठीत होती. गुणाजी मघाशी उतरला तेव्हाच मी ती काढून घेतली होती.

"माज्याच गाडयेची चावी?"

"चूक बाबांची होती, ती तेनी मानली. वजनाची गोष्ट तुमी उठवलात, ती तुमी मोडा. आणि हय आणखी भोकां पाडूची आसत, दुसऱ्या बाजूची मोकळी करूची आसत, आत तेल घालूचा आसा. काम पुरा झाल्याबिगर गाडी ह्या अंगणातसून भायर पडणा नाय. पौर्णिमेक सकाळी तुमी स्वता येवा. गुणाजीक धाडू नका."

नाना बरंच बोलले. त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. शेवटी पिन जमिनीवर आपटून घाटी उतरून चालत गेले, त्यांच्यामागून गुणाजी. चार जीपांचा मालक आणि मच्छीमार संस्थेचा चेअरमन घाटी चालत उतरताना मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या उंबऱ्याला आणखी दोन भोकं पाडली आणि उजव्याची बुजवलेली तिन्ही स्वतः उकरून मोकळी केली. मग मोरीच्या तेलाचा डबा काढला. मोरी मासळीच्या काळजाचं ते तेल होड्यांना लावतात. त्याला वास असा, की कुत्रंसुद्धा लांबून जातं. पिचकारीनं ते आम्ही दोन्ही उंबऱ्यांत भरलं, कानाकोपऱ्यात जाईल असं. उरलेलं भोकांतून थेंब थेंब गळून गेलं.

"होडीतला एक तरी गाडयेक लागू पडला," बाबा म्हणाले आणि हसले. मीही हसले. दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी तेवढंच बोललो.

पौर्णिमेला सकाळी नाना आले. स्वतः आले. नवा सदरा, हातात नारळ, नाकाला रुमाल. अंगणात बायका जमल्या होत्या, पूजा झाली की पहिल्या खेपेला बसायला. नानांनी चाकापुढे नारळ फोडला. मी चावी मुठीत धरून उभी होते आणि ते माझ्या मुठीकडे बघत होते.  हा माणूस निघून गेला असता तर चार जीप गेल्या असत्या, आणि मग वासू मेस्त्र्याच्या ग्यारेजात काय उरलं असतं?

शेवटी त्यांनी रुमाल खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंजुळा, हात बरो आसा मां गो? गाडयेन मोडलो तो. उंबरो कुजलेलो व्हतो."

बस, एवढंच. माफी नाही, काही नाही. पण अशी गोष्ट बायकांच्या घोळक्यात एकदा बोलली की दुपारपर्यंत बंदरावर घरोघरी पोचते.

मी चावी गुणाजीला दिली.

"ये, फुडे बस, ड्रायव्हरच्या बाजूक," नाना मंजुळाला म्हणाले.

"फुडे नको," मंजुळा म्हणाली. "माजी जागा माका म्हायती आसा."

ती मागल्या दाराशी गेली, डाव्या हातानं दांडा धरून वर चढली, टोपली मांडीवर घेतली. मग अंगणातल्या सगळ्यांच्या देखत तिनं दोन्ही टाचा उचलून आपल्या सगळ्या वजनानिशी उंबऱ्यावर आपटल्या. एकदा. परत एकदा.

उंबरा खणखणीत वाजला.

"पमे," ती आतून ओरडली, "वाजता गो!"